मुळशीचा हिरवा कोणता?

नवरात्र उठले आणि आमच्या घरात साफसफाईचे वारे वाहू लागले. अशा वेळी घरातल्या निवृत्त माणसाने शहाणपणाने बाहेर निघून जावे. मी गेलो नाही. परिणामी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक माझ्यापुढे आणून आदळण्यात आली आणि सौ.नी निर्वाणीचा इशारा दिला, “यातलं काय ठेवायचं ते आज ठरवा. पुढच्या दिवाळीला मी विचारणार नाही.”

ट्रंकेत माझी ४१ जलरंगचित्रे होती. चित्रकलेच्या मास्तराच्या ट्रंकेत चित्रे निघाली यात नवल काहीच नाही. नवल एवढेच, की ही सारी चित्रे एकाच जागेवरून काढलेली आणि एकाच देखाव्याची आहेत. मुळशीच्या तलावाकाठी, डोंगराच्या उतारावर एक खेडे आहे. खेड्याच्या वर एक टेकाड आणि टेकाडावर एक जुना आंबा. त्या आंब्याखाली बसून मी १९६८ पासून चित्रे काढीत आलो आहे. बरीचशी आश्विनातली, दिवाळीच्या थोडी आधीची. काही इतर महिन्यांतली. समोर भाताची खाचरे, त्यांच्या खाली तलाव आणि पलीकडे डोंगरांची रांग. बस्स, एवढाच देखावा.

माझ्या नऊ वर्षांच्या नातीने ती सगळी फरशीवर ओळीने मांडली. बराच वेळ कंबरेवर हात ठेवून पाहिली आणि विचारले,

“आजोबा, ही सगळी एकाच ठिकाणची? मग प्रत्येकात हिरवा वेगळा का? तुम्हांला तेव्हा हिरवा जमत नव्हता?”

वाचकहो, ३३ वर्षे मी शाळेत मुलांना हिरवा शिकवला. निळ्यात पिवळा किती घालावा, यावर मी माझ्या ऐन उमेदीची वर्षे खर्ची घातली. त्या माणसाला हा प्रश्न! पण पोरगी चुकीचे बोलत नव्हती. १९६८ चा हिरवा पोपटी, पिवळसर होता. १९९० च्या सुमाराचा गर्द, जवळजवळ निळसर. अलीकडच्या चित्रांत तर हिरवा शोधावा लागत होता. मुळशीचा खरा हिरवा कोणता? त्या दिवशी सफाई तिथेच थांबली.

मी पहिल्यांदा मुळशीला गेलो तेव्हा सतरा वर्षांचा होतो. त्या वेळी कर्वे रस्ता संपला की पुणे संपायचे. पुढे एस.टी.ची लाल गाडी भूगाव, पिरंगुट, पौड करीत धापा टाकीत जाई, आणि पौड मागे पडले की दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येऊ लागत. पौड हे मुळशी तालुक्याचे मुख्य ठिकाण. तिथून पुढे पश्चिमेला जसजसे जावे तसतसा पाऊस वाढत जातो. पुणे शहरात वर्षाकाठी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तालुक्याच्या पश्चिम टोकाला ताम्हिणीच्या घाटात काही वर्षी ६००० मिलिमीटरच्याही वर जातो. शहरापासून दोन-तीन तासांच्या अंतरावर एवढा फरक. रंगाच्या वेड्या माणसाला याहून दुसरे काय हवे?

मुळशीचे वर्ष कसे रंग बदलते, ते शहरात बसून कळायचे नाही. आपल्याला वाटते, पावसाळ्यात हिरवे आणि उन्हाळ्यात तपकिरी, संपले. तसे नाही. चैत्र-वैशाखात आधी येतो तो काळा रंग. भाताच्या रोपासाठी जमिनीचा एक तुकडा निवडून त्यावर शेण, पालापाचोळा, वाळक्या फांद्या पसरून भाजतात. त्याला राब म्हणतात. तणाचे बी जळते आणि राखेचे खत होते. सगळ्या उतारावर हे काळे चौकोन उमटतात. त्याच सुमारास वणव्यांनी डोंगर काळे झालेले असतात, पण तो काळा निराळा, ओरखडल्यासारखा. त्या काळ्यातून कुसुंबाची नवी पालवी अशी लाल फुटलेली असते, की झाड पेटले आहे असे वाटावे. पळस आणि पांगारा त्याआधीच फुलून गेलेले असतात. अंजनीच्या काटक्यांना निळ्याजांभळ्या फुलांचे गुच्छ चिकटतात. म्हणजे ज्याला आपण रखरखीत उन्हाळा म्हणतो, त्यातच मुळशीतले सगळ्यांत भडक रंग आहेत.

पहिल्या पावसानंतर राबाच्या काळ्या चौकोनात रोप उगवते. त्याचा हिरवा माझ्या पेटीत कधीच सापडला नाही. लेमन यलोत निळ्याचा जेमतेम एक थेंब, तोही चुकून पडल्यासारखा. मग आषाढात लावणी. तेव्हा हिरवे नाहीच, सगळी खाचरे चिखलाची, चहाच्या रंगाची आणि त्यांत ढगांचे पांढरे. लावणीला वाकलेल्या बायांच्या पाठीवर पूर्वी पानांची इरली असत. लांबून तपकिरी कासवांची रांग वाटे. श्रावण-भाद्रपदात कातळावर आणि बांधावर तेरड्याचा गुलाबी आणि सोनकीचा पिवळा. वरकस उतारावर खुरासणी फुलली की आणखी एक पिवळा. सोनकीहून जरा थोराड, आणि हा पोटापाण्याचा, तेल देणारा. सात-आठ वर्षांतून एकदा कारवी फुलते आणि अख्खा उतार निळाजांभळा होतो; माझ्या ४१ चित्रांत तो रंग चारदाच आहे. आणि आश्विनात भात पिवळा पडू लागतो, नाचणीची कणसे तांबूस होतात, तेव्हा मी पेटी घेऊन निघतो.

हे झाले एका वर्षाचे चाक. ते फिरून पुन्हा त्याच जागी येते अशी माझी पुष्कळ वर्षे समजूत होती.

१९६८ च्या त्या पहिल्या दिवशीच एका म्हातारीने ती समजूत मोडायला सुरुवात केली होती. मला कळले मात्र फार उशिरा. मी आंब्याखाली बसून तलाव रंगवत होतो. पेटी कॅम्लिनची, कागद स्वस्तातला. निळा मनासारखा जमला होता आणि मी स्वतःवर खूश होतो. मागून एक साठी ओलांडलेली बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन आली. भारा टाकून कमरेवर हात ठेवून चित्राकडे पाहत राहिली. (आमच्या नातीची ती कंबरेवर हात ठेवायची ढब पाहून मला परवा तीच आठवली.)

“पानी काय काढतुयास, पोरा?” ती म्हणाली. “तितं भात काढ.”

“पण आजी, तिथे पाणीच आहे.”

“आता हाय. त्याच्याखाली आमचं शेत हाय.”

ती बाई म्हणजे ज्यांच्या खाचरांचे मी चित्र काढत होतो त्या आबांची आई. धरणाचा लढा झाला तेव्हा ती या घरात नवी नवरी म्हणून आली होती. तेव्हा घर इथे वर नव्हते, खाली खोऱ्यात होते.

इतिहासाच्या पुस्तकात हे दोन-चार ओळींत येते, म्हणून थोडे सांगतो. मुळा आणि निळा या नद्यांच्या खोऱ्यात टाटांच्या वीज कंपनीने धरण बांधायचे ठरवले. पूर्वेकडे पुण्याच्या दिशेने जाणारे पाणी अडवायचे, बोगद्यातून सह्याद्रीच्या पलीकडे न्यायचे आणि सुमारे ५०० मीटर खाली कोकणात भिऱ्याला सोडून त्यावर वीज करायची, असा तो बेत. वीज मुंबईसाठी. बुडणार होती पन्नासच्या आसपास गावे आणि मावळातले उत्तम भाताचे खोरे. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी. ‘सेनापती’ ही पदवी त्यांना याच लढ्याने दिली. १९२४ पर्यंत लढा चालला. राजेंद्र व्होरा यांनी त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले आहे. ते वाचताना आपल्या पुणेकरांना एका जागी मान खाली घालावी लागते, कारण या खोऱ्यातल्या जमिनींचे सावकार पुष्कळसे पुण्याचे होते आणि त्यांनी भरपाई घेऊन तडजोड केली. कुळे एकटी पडली. धरण झाले. १९२७ साली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. खालची पुष्कळ माणसे सामानसुमान उचलून वर डोंगरावर सरकली. मी १९६८ साली गेलो तेव्हा, ज्या पाण्यावर मुंबईचे दिवे लागत होते, त्याच्या काठच्या या गावात संध्याकाळी कंदील पुसायचे काम चाले.

म्हणजे ज्या निळ्यावर मी खूश होतो, तो निळा त्या वेळी जेमतेम चाळीस वर्षांचा होता. माझ्या वडिलांहून लहान! आणि मी तो अनादि काळापासून तिथे आहे अशा भक्तिभावाने रंगवत होतो.

म्हातारीने मला पुढल्या वर्षी खालचे चित्र काढायला लावले. ती बोट दाखवी आणि मी पाण्याच्या जागी तिचे सांगणे रंगवी. हितं नदी, हितं चिंच, हितं देऊळ, ह्यो पट्टा सारा आंबेमोहराचा. उन्हाळ्यात वीजघरासाठी पाणी उपसले जाऊन तलाव उतरला, की काठाला लाल-पिवळ्या मातीच्या पायऱ्या उघड्या पडतात. त्यांवरून ती जागा हेरायची. चित्र पुरे झाले तेव्हा मी मोठ्या अपेक्षेने तिच्याकडे पाहिले. तिने मान हलवली.

“येवढा हिरवा नव्हता,” ती म्हणाली.

“मग कसा होता?”

तिला सांगता येईना. तिने पदर चाचपला, भाऱ्यातले गवत पाहिले, मोहरलेल्या आंब्याच्या फांदीकडे पाहिले. तसला कुठलाच नाही. “त्यो गेला,” एवढे बोलून ती उठली. हे चित्र माझ्याजवळच्या ४१ मध्ये आहे. त्यात तलाव नाही.

तीन-चार वर्षांपूर्वी मी मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो. ती सफोक परगण्यात राहते; कॉन्स्टेबल नावाच्या थोर निसर्गचित्रकाराचा हा मुलूख. मे महिना होता आणि मैलोन्मैल शेते पिवळीजर्द. डोळ्यांना झोंबावा असा पिवळा. मी हरखलो. मुलीच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत. मी त्यांना म्हटले, “काय सुंदर आहे हो तुमचा देश!” म्हातारा नाक मुरडून म्हणाला, हा पिवळा आमचा नव्हे. त्याचे म्हणणे खरे होते. ते मोहरीच्या जातीचे तेलबियांचे पीक. १९७३ साली ब्रिटन युरोपच्या सामायिक बाजारात गेला, पिकाला भाव आणि अनुदान मिळू लागले आणि हा पिवळा देशभर पसरला. त्याच सुमारास एका रोगाने तिथले एल्म वृक्ष मेले, थोडेथोडके नव्हे, दोन कोटींहून अधिक. कॉन्स्टेबलच्या चित्रांतले एल्म आज त्या माळावर शोधू गेलात तर मिळायचे नाहीत. गव्हातली तांबडी खसखशीची फुले तणनाशकांनी कमी केली. ज्या इंग्लंडच्या हिरवळीचे वर्णन आपण शाळेत पाठ केले, ते खुद्द इंग्रजांनाच आता चित्रात पाहावे लागते. मात्र म्हाताऱ्याची सात वर्षांची पणती त्या पिवळ्याच्या कडेला उभी राहून फोटो काढून घेत होती. तिचा इंग्लंड पिवळाच आहे आणि तिच्या नातवंडांना ती तसाच सांगेल.

तुम्ही म्हणाल, जुनी चित्रे आहेत ना, मग ती पुराव्याला काढा! इथे दुसरी गंमत आहे. चित्रेही बदलतात. इंग्रज जलरंगकार ढगांचा करडा रंग करायला पुष्कळदा नीळ आणि तांबडा मिसळत. उजेडात नीळ उडते, तांबडा राहतो. मग चित्रकाराने काढलेली पावसाळी दुपार शंभर वर्षांनी गुलाबी संध्याकाळ होऊन बसते. १८८८ साली रसेल आणि ॲबनी या दोघांनी प्रयोग करून हे सिद्ध केले आणि तिकडे चित्रसंग्रहांतून मोठी खळबळ उडाली. झाडांच्या हिरव्यातला कच्चा पिवळा उडून गेला तर झाडे निळी दिसू लागतात, तेही मी तिकडच्या संग्रहालयात पाहिले. घरी आल्यावर माझे १९७१ चे चित्र काढून पाहिले. तेरडा मी क्रिमझन लेकने रंगवला होता. तो आता धुऊन धुऊन विटलेल्या परकरासारखा दिसतो. त्या वर्षी तेरडा फिका होता असे कुणी अनुमान काढील तर?

आणि तिसरा साक्षीदार म्हणजे डोळा, तो तर सगळ्यांत लबाड. २०१६ ते २०१९ मधली माझी चित्रे पाहून सौ. म्हणायच्या, “तुम्हांला अलीकडे सगळीकडे कावीळ झालेली दिसते.” २०१९ मध्ये मोतीबिंदू काढला आणि पट्टी सुटल्यावर आमच्या स्वयंपाकघराची भिंत मला निळी दिसली. मी कुणी रंगवली म्हणून विचारले. ती आठ वर्षे निळीच होती. मोतीबिंदू पिकत जातो तसतशी डोळ्यावर पिवळी काच चढत जाते आणि माणसाला त्याचा पत्ता नसतो. मोने या फ्रेंच चित्रकाराचेही हेच झाले होते; १९२३ साली शस्त्रक्रिया झाल्यावर त्याला आपलीच चित्रे परकी वाटली. मोठ्या माणसाच्या पंक्तीला बसायची संधी मला मोतीबिंदूने दिली, हेही काही कमी नाही.

तरीसुद्धा, रंग उडाले, डोळे फसले, हे सगळे वजा करूनही मुळशी बदलली आहे. आणि ती कुठे बदलली हे आबा मला एकेक करून सांगत आले.

१९९० च्या सुमाराचा तो गर्द हिरवा युरियाचा. शेणखत आणि राब यांवर वाढलेला भात पोपटी असतो. नत्र मिळाले की तो काळपट हिरवा होतो. शिवाय भातच बदलला. आंबेमोहर उंच वाढतो. शिजताना आंब्याच्या मोहोराचा वास घरभर करतो, पण दाणे भरले की वाऱ्याने लोळतो आणि उतारा कमी देतो. १९८७ साली वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने आंबेमोहर १५७ आणि फिलिपाइन्सकडचा बुटका आयआर ८ यांच्या संकरातून इंद्रायणी काढला. तो ताठ उभा राहतो, जास्त पिकतो आणि वासही बऱ्यापैकी राखतो. शेतकऱ्याने काय करायचे होते? “वासानं पोट भरतं व्हय, मास्तर?” आबा म्हणाले. माझ्या जुन्या चित्रांत आश्विनातला भात विंचरल्यासारखा एका बाजूला निजलेला आहे; नव्या चित्रांत तो कवायतीला उभा आहे. रंगाआधी रेषाच बदलली.

नवे पाहुणेही आले. माघ-फाल्गुनात पुण्याकडच्या टेकड्यांवर फिकट गुलाबी बहर येतो आणि लोक मोटारी थांबवून पाहतात. तो गिरिपुष्पाचा, मूळचा मध्य अमेरिकेचा. वनीकरणासाठी लावला आणि फोफावला. आश्विनात रस्त्याच्या कडेने केशरी-पिवळा कॉसमॉस डोलतो, तो मेक्सिकोचा. सोनकीची जागा तो हळूहळू बळकावतो आहे असे वनस्पतींचे जाणकार कळवळून सांगतात. मीही ‘आपल्या मातीतला रंग’ या विषयावर एकदा एका मंडळात तावातावाने बोललो. समोर टेबलावर झेंडूचा हार होता. अध्यक्षांनी शांतपणे सांगितले, की झेंडूही मेक्सिकोकडचाच. म्हणजे आपल्या दसऱ्याचे तोरणसुद्धा परदेशी! आज झेंडूवाचून दसरा कुणाला सुचेल? असो. तेव्हापासून मी मातीवर बोलताना जरा जपून बोलतो.

इरली गेली आणि निळा-पिवळा प्लॅस्टिकचा कागद आला. घरांवरची काळवंडलेली कौले जाऊन पत्रे आले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तालुक्याच्या पूर्व टोकाला हिंजवडीत संगणकाच्या कंपन्या उभ्या राहिल्या. आता रात्री त्या दिशेचे आभाळ काळे होतच नाही. दक्षिणेला मोसे खोऱ्यात इटलीतल्या पोर्टोफिनोच्या धर्तीवर नारिंगी-गुलाबी भिंतींचे शहर बांधायला घेतले. रस्त्यासाठी कापलेल्या डोंगरांतून मुरमाचा लाल रंग उघडा पडला. ताम्हिणीकडचे जंगल २०१३ साली अभयारण्य झाले, तेवढा काळसर हिरवा बचावला म्हणायचा.

आणि माझ्या अलीकडच्या चित्रांतला लाल. नातीने नेमके त्यावरच बोट ठेवले.

“हे आपलं घर ना?”

होय. ते आमचे घर आहे. लाल छपराचे, दोन खोल्यांचे, पाच गुंठ्यांतले. २००६ साली आबांनी वरची खाचरे विकली. चार भावांचे वाटे, धाकटीचे लग्न, थोरल्याला गाडी घेऊन हिंजवडीत भाड्याने लावायची होती. एका मध्यस्थाने जमीन घेतली, तिचे तुकडे पाडले, अकृषक करून घेतली आणि पुण्यात हस्तपत्रके वाटली. ‘निसर्गाच्या कुशीत’ वगैरे. मी ती जागा नकाशावर पाहिल्याबरोबर ओळखली. १९६८ च्या चित्रात डाव्या कोपऱ्यात जे खाचर आहे, तेच ते. भविष्यनिर्वाह निधीतले पैसे काढून मी तुकडा घेतला. मी घेतला नसता तर दुसऱ्या कुणी घेतलाच असता, हे वाक्य मी आजवर इतक्या वेळा म्हटले आहे, की आता ते सौ.ना पाठ झाले आहे. मी सुरुवात केली की त्या पुरे करतात.

सावकारांचे प्रकरण वाचताना मान खाली घालावी लागते असे मी वर लिहिले. ते लिहिताना मी त्याच घराच्या पडवीत बसलो होतो.

आबांनी मात्र मला कधी एका शब्दाने दुखवले नाही. घर बांधताना विहिरीचे पाणी दिले, पायाला नारळ त्यांच्याच हातून फुटला. खालची दोन खाचरे त्यांनी ठेवली आहेत. नातू सुट्टीच्या दिवशी येऊन ती करतो. आबा आता पंच्याऐंशीच्या पुढे गेले. दिसते कमी, पण आंब्याखाली येऊन बसतात.

परवा, कोजागरीनंतर, नातीला घेऊन मी बेचाळिसावे चित्र काढायला गेलो. हवा स्वच्छ होती. तलाव काठोकाठ भरलेला, पलीकडचे डोंगर निळसर. खालच्या दोन खाचरांत भात पिवळा पडत होता. नातीने स्वतःची वही काढली आणि पहिला रंग लावला तो लाल, आपल्या छपराचा. मीही आकाश आणि पाणी करून घेतले आणि डाव्या कोपऱ्याकडे वळलो. आबा काठीवर हनुवटी टेकून बसले होते. त्यांना कागदावरचे कितपत दिसत होते कोण जाणे.

“मास्तर,” ते म्हणाले, “त्ये घर काढताय का?”

“हो. का?”

“न्हाई, काढा. पर एका कागदावर नगा काढू. तितं भात काढा.”

मी थांबलो. ब्रश पाण्यात बुडवला आणि पेटीकडे पाहिले. मग विचारले, “कोणता भात, आबा? इंद्रायणी की आंबेमोहर?”

“आंबेमोहर. कापनीच्या आधी आठ दिसांचा.”

मी नवा कागद लावला. लेमन यलो घेतला, त्यात थोडा यलो ऑकर, निळ्याचे अगदी टोक. कोपऱ्यात पहिला हात दिला आणि कागद उचलून त्यांच्या डोळ्यांजवळ धरला. नात आपले चित्र सोडून पाहायला आली. आबांनी बराच वेळ पाहिले.

“अजून जरा पिवळा,” ते म्हणाले.